मिक्सर, घरगुती

अन्नपदार्थ वाटणे, कुटणे, दळणे, घुसळणे व एकजीव करणे या कामांसाठी घरात वापरण्यात येणारे, विजेवर चालणारे साधन. यात अतिशय वेगाने फिरणारे धारदार पाते भांड्याच्या तळाशी बसविलेले असते व ते खालच्या बैठकीतील विद्युत् चलित्राने फिरविले जाते. ‘मिक्सर’ या मूळ शब्दाचा अर्थ मिसळणारे यंत्र एवढाच असला, तरी मराठीत तो वाटण्याच्या व दळण्याच्या यंत्रासाठी रूढ झाला आहे. यूरोप-अमेरिकेत मात्र कणीक वा केकचे पीठ घोटणाऱ्या यंत्राला मिक्सर व पेये घुसळणाऱ्या यंत्राला ब्लेंडर म्हणतात. भारतीय मिक्सर या दोहोंपेक्षा निराळा असून त्याचे मुख्य काम ओले वाटण व कोरडा मसाला करणे हे आहे. हा फरक ध्यानी न घेता यंत्राची निवड केल्यास ते लवकर निकामी होण्याचा संभव असतो.

पूर्वपीठिका : वाटणे व कुटणे या क्रियांसाठी माणसाने प्राचीन काळापासून दगडी साधने वापरली आहेत. मोहें-जो-दडो येथील उत्खननात खोलगट पाटे व त्यांवर घासावयाचे दगड सापडले आहेत. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांतही अशी साधने मिळाली आहेत. मराठी घरात वाटणासाठी पाटा-वरवंटा, थोडा मसाला वा औषध कुटण्यासाठी खलबत्ता, धान्य कांडण्यासाठी उखळ-मुसळ, पिठासाठी जाते आणि ताकासाठी रवी अशी कामांची वाटणी होती. गोवा व दक्षिण कोकणात ओले खोबरे, मसाला आणि भिजविलेले तांदूळ वाटण्यासाठी रगडा वापरीत. पाट्याचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला की, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेत. कारण दगडाचा खरखरीतपणा हीच या साधनाची धार होती.

विसाव्या शतकात या साधनांपैकी जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली. त्यामुळे दळण घराबाहेर गेले. वाटण मात्र ताजेच हवे असल्याने ते घरातच राहिले आणि पाट्यापुढे बसून रोज करावे लागणारे हे श्रमाचे काम पुढेही बराच काळ घरातील स्त्रियांकडेच होते. घरगुती मिक्सरचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

इतिहास : स्वयंपाकाची यांत्रिक साधने दोन स्वतंत्र मार्गांनी विकसित झाली. पहिला मार्ग घोटण्याच्या यंत्रांचा. अमेरिकेतील हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने बेकरीतील पीठ मळण्यासाठी विजेवर चालणारे यंत्र तयार केले. त्याचीच लहान घरगुती आवृत्ती १९१९ मध्ये ‘किचनएड’ या नावाने विक्रीस आली. या यंत्रात घोटणी स्वतःभोवती फिरत असतानाच भांड्याच्या मध्याभोवतीही फिरते. ग्रहांच्या गतीशी साम्य असल्याने या गतीला ग्रहीय गती म्हणतात. इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांनी १९५० मध्ये ‘केनवुड शेफ’ हे याच जातीचे यंत्र आणले.

दुसरा मार्ग घुसळण्याच्या यंत्रांचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहणारे मूळचे पोलिश संशोधक स्टीफन पॉप्लॉव्स्की यांनी १९२२ च्या सुमारास पेल्याच्या तळाशी फिरते पाते बसविण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. माल्टयुक्त दुधाची पेये दुकानात झटपट करता यावीत, हा तिचा हेतू होता. पुढे फ्रेड ओसियस यांनी या रचनेत सुधारणा केली व वाद्यवृंदाचे प्रमुख फ्रेड वॉरिंग यांच्या आर्थिक साहाय्याने ते यंत्र १९३७ मध्ये शिकागो येथे लोकांपुढे आले. वॉरिंग यांच्या नावाचे हे यंत्र उपाहारगृहांबरोबरच जीववैज्ञानिक प्रयोगशाळांतही ऊतकांचा लगदा करण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समधील प्येअर व्हेर्दाँ यांनी उपाहारगृहांसाठी बनविलेल्या यंत्रावरून चिरणे, किसणे, मळणे इ. कामे करणारे घरगुती अन्नप्रक्रिया यंत्र (फूड प्रोसेसर) प्रचारात आले.

भारतातील विकास : भारतात प्रथम आलेली यंत्रे परदेशी बनावटीची व मुख्यतः पेये आणि मऊ पदार्थ यांच्यासाठी बनविलेली होती. सुके खोबरे, भिजविलेली डाळ, हळकुंड, धने, सुक्या मिरच्या अशा पदार्थांचा भार त्यांच्या चलित्रांना सोसत नसे. ही अडचण ओळखून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी १९६० नंतरच्या दशकात मुंबईत भारतीय स्वयंपाकाला अनुरूप अशा अधिक शक्तीच्या चलित्रावर काम सुरू केले. पत्नी माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरातील गरज हे त्याचे निमित्त होते. त्यातून ‘सुमीत’ हा मिक्सर निर्माण झाला. अगंज पोलादाची भांडी, निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी पाती आणि सु. ५०० वॉट शक्तीचे चलित्र ही त्याची वैशिष्ट्ये होती. पुढे भारतात झालेल्या बहुतेक मिक्सरांनी स्थूलमानाने हीच रचना स्वीकारली.

दक्षिण भारतात इडली-डोशाच्या पिठासाठी विजेवर फिरणाऱ्या दगडी रगड्याचा वेगळा विकास झाला. कोईमतूर हे त्याचे प्रमुख केंद्र असून तेथील रगड्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. तमिळनाडू शासनाने २०११ मध्ये शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील स्त्रियांना मिक्सर, रगडा व विजेचा पंखा विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. यावरून ही साधने चैनीच्या वस्तूंतून गरजेच्या वस्तूंत आल्याचे दिसून येते.

रचना : मिक्सरचे बैठक, भांडे व पाते असे तीन मुख्य भाग असतात. बैठकीत सर्वगामी चलित्र बसविलेले असते. हे चलित्र एकाच दिशेने वाहणाऱ्या अथवा उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या विद्युत् प्रवाहांवर चालू शकते. आकाराने लहान असूनही ते मोठी शक्ती देते व त्याचा वेग फार मोठा असतो. भांड्यात काही नसताना हे चलित्र दर मिनिटास सु. १८,००० ते २०,००० फेरे घेते. भार पडताच फेरे कमी होतात व पीळ देणारी प्रेरणा वाढते. फिरत्या भागाला विद्युत् प्रवाह कार्बनाच्या दोन ब्रशांतून दिला जातो. हे ब्रश घासून झिजत असल्याने काही वर्षांनी बदलावे लागतात. अलीकडे ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची चलित्रे असलेले मिक्सरही मिळू लागले आहेत. त्यांचा आवाज व झीज कमी असते, परंतु किंमत अधिक असते.

चलित्राच्या दंडाच्या वरच्या टोकाला नायलॉनची किंवा रबराची दातेरी चकती बसविलेली असते. भांड्याच्या तळाची चकती तिच्यात अडकते. पाते एकाएकी अडकले, तर ही स्वस्त चकती प्रथम तुटते व चलित्र वाचते. तिचा मऊपणा हा रचनेतील दोष नसून हेतुतः ठेवलेली दुर्बलता आहे. चलित्राच्याच दंडावर खालच्या बाजूस पंखा असतो. तो तळाच्या झरोक्यांतून हवा ओढून तारांची वेटोळी थंड ठेवतो. याखेरीज मर्यादेबाहेर प्रवाह गेल्यास वीज तोडणारा अतिभार संरक्षक बैठकीच्या तळाशी असतो. तो सुटल्यावर यंत्र थंड होऊ देऊन त्याचे बटण पुन्हा दाबावे लागते.

भारतीय मिक्सरबरोबर बहुधा तीन भांडी येतात. सु. १.५ लि. धारणेचे मोठे भांडे ताक, रस व पातळ पीठ यांसाठी, सु. १ लि. धारणेचे मधले भांडे ओले वाटण व कोरडे मसाले यांसाठी, आणि ०.३ ते ०.५ लि. धारणेचे लहान भांडे चटणीसाठी असते. मोठ्या भांड्यातील पात्याचे काही फाटे वर व काही खाली वाकविलेले असतात, त्यामुळे द्रवात जोराची उलथापालथ होते. कोरड्या कामाच्या पात्याचे फाटे सपाट, जाड व तळाच्या अगदी जवळ असतात. भांड्याच्या आतील बाजूस असलेल्या उभ्या कडांमुळे पदार्थ नुसताच गोल फिरत न राहता पुनःपुन्हा पात्यावर येऊन पडतो.

कार्य : पाट्यावर पदार्थ दोन दगडांमध्ये दाबला व रगडला जातो, मिक्सरमध्ये तो वेगाने आदळणाऱ्या धारेने कापला जातो व फुटतो. ६ सेंमी. व्यासाचे पाते मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाची गती सेकंदाला सु. ५६ मी., म्हणजे तासाला सु. २०० किमी. होते. या गतीने सुटा कण फुटतो, परंतु तो पात्याच्या वाटेत पुनःपुन्हा यावा लागतो. द्रवात मध्यभागी भोवरा निर्माण होऊन पदार्थ कडेने वर चढतो व मध्यातून खाली उतरतो, त्यामुळे हे अभिसरण आपोआप होते. घट्ट वाटणात ते होत नाही. पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते, पाते मोकळेच फिरत राहते व वाटण भांड्याच्या कडेला चिकटून बसते. अशा वेळी वेग वाढवून उपयोग होत नाही. यंत्र थांबवून वाटण खाली सारणे व चमचाभर पाणी घालणे हाच उपाय असतो.

पात्याची बरीचशी ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते. उदा., ५०० ग्रॅ. ओल्या वाटणात सेकंदाला ३०० जूल याप्रमाणे २ मिनिटे ऊर्जा मुरली, तर ती ३६,००० जूल होते व वाटणाचे तापमान सु. २०° से. ने वाढू शकते. यामुळे मसाल्यातील बाष्पनशील तेले उडून जातात, कोथिंबिरीच्या चटणीचा रंग काळवंडू लागतो व इडलीचे पीठ गरम होऊन त्याच्या आंबण्यावर परिणाम होतो. पीठ वाटताना बर्फाचे पाणी घालण्याची आणि मसाला थांबून थांबून दळण्याची प्रथा यामुळेच पडली आहे. दगडी रगडा सावकाश फिरतो. त्यात पीठ फारसे तापत नाही व उडदाच्या पिठात हवा चांगली मिसळते, म्हणून ते अधिक फुगते. पाट्यावरच्या वाटणाची चव निराळी लागते, या अनुभवामागे रगडणे व कापणे यांतील हा भेद आहे.

प्रकार : बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे कामानुसार पुढीलप्रमाणे प्रकार करता येतात.

(१) मिक्सर-ग्राइंडर : वर वर्णन केलेले भारतीय यंत्र. रोजचे वाटण, शेंगदाण्याचे कूट, चटणी व थोडा मसाला यांसाठी हेच मुख्य होय. (२) ब्लेंडर : उंच काचेचे अथवा प्लॅस्टिकचे भांडे असलेले यंत्र. मिल्कशेक, लस्सी, सूप व फळांचा रस यांसाठी उपयुक्त. सामान्य घरगुती ब्लेंडर कोरड्या मसाल्यासाठी योग्य नसतो. (३) हाती ब्लेंडर : दांड्याच्या टोकाला पाते असलेले साधन. पातेल्यातच डाळ घोटणे, ताक करणे, भाजीचे सूप एकजीव करणे यांसाठी सोयीचे व धुण्यास सोपे. (४) घोटणी यंत्र : अंडी, लोणी, साय वा केकचे मिश्रण फेसण्यासाठी. मोठ्या ग्रहीय यंत्रात कणीकही मळता येते, वाटण मात्र करता येत नाही. (५) अन्नप्रक्रिया यंत्र : चिरणे, किसणे, कणीक मळणे व रस काढणे यांसाठी अनेक जोडण्या असलेले यंत्र. मोठ्या कुटुंबास उपयुक्त. परंतु जागा अधिक लागते व अनेक सुटे भाग धुवावे लागत असल्याने थोड्या कामासाठी ते काढण्याचा कंटाळा केला जातो. (६) विजेचा रगडा : नियमितपणे इडली-डोसा करणाऱ्या कुटुंबांसाठी. वजन अधिक व वाटण्यास वेळ अधिक लागतो.

निवड : यंत्र कोणते घ्यावे हे ठरविण्यापूर्वी आपल्या घरात आठवड्यात कोणते पदार्थ, किती प्रमाणात व किती वेळा वाटले जातात हे पाहणे आवश्यक असते. वाटणाचा सर्वांत कठीण पदार्थ कोणता, यावरून शक्ती ठरवावी आणि सर्वांत लहान प्रमाण कोणते, यावरून भांडे ठरवावे. खरेदीत बहुधा या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. दोन माणसांच्या घरी रोज चार चमचे लसणाची चटणी करावयाची असेल आणि लहान भांड्याचे पाते तळापासून उंच असेल, तर १,००० वॉटचे यंत्रही ती चटणी नीट करू शकत नाही.

शक्ती : पाटीवर लिहिलेले वॉट हे यंत्र घेत असलेल्या विजेचे माप होय, ते प्रत्यक्ष पात्याला मिळणाऱ्या शक्तीचे नव्हे. चटणी, ताक, कूट व थोडे ओले वाटण यांसाठी ५०० वॉट पुरेसे असतात. चार-पाच माणसांच्या कुटुंबात ओले खोबरे, भिजविलेली डाळ व अधूनमधून कोरडा मसाला करावयाचा असल्यास ७५० वॉटचे यंत्र सोयीचे होते. घरगुती विक्रीसाठी चटण्या व मसाले करणाऱ्यांनी अधिक शक्तीचे आणि सलग चालण्यासाठी बनविलेले यंत्र घ्यावे. वर्षाचा गोडा वा काळा मसाला, भाजणी अथवा किलोभर हळकुंडे हे घरगुती मिक्सरचे काम नव्हे, ते डंखावर किंवा गिरणीत करून घेणे हितावह असते. विजेच्या खर्चाच्या दृष्टीने शक्तीतील फरक किरकोळ असतो. ७५० वॉटचे यंत्र रोज १० मिनिटे पूर्ण भाराने चालविले, तरी महिन्यास ३.७५ युनिटे वीज लागते.

चालविण्याचा कालावधी : पाटीवर यंत्र सलग किती वेळ चालवावे याचा उल्लेख असतो. ५ मिनिटे चालू व २ मिनिटे बंद, अशा स्वरूपाची मर्यादा अनेक यंत्रांवर आढळते. ज्या घरात सलग काम अधिक आहे, तेथे वॉटपेक्षा हा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो.

तारेचा धातू : चलित्रातील वेटोळी तांब्याच्या तारेची आहेत की ॲल्युमिनियमच्या, हे विचारून घ्यावे. ॲल्युमिनियमचा विद्युत् रोध तांब्याच्या सु. १.६ पट असल्याने तेवढ्याच जाडीची तार अधिक तापते.

भांडी व पाती : अगंज पोलादाचे भांडे जाड पत्र्याचे व कडेला नीट दुमडलेले असावे. मूठ भांड्याला घट्ट जोडलेली असावी. झाकणाचे रबर सहज काढून धुता आले पाहिजे. भांडे हाताने फिरविल्यास पात्यात खडखड अथवा डुगडुग असू नये. पारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यात पदार्थ दिसतो, पण कोरड्या मसाल्याने त्यावर ओरखडे उठतात व हळदीचे डाग राहतात.

दुरुस्ती व सुटे भाग : रबर, दातेरी चकती, कार्बनाचे ब्रश व पात्याची धारवा हे भाग झिजणारच. ते आपल्या गावात मिळतात किंवा नाही हे खरेदीपूर्वी पाहावे. पाच वर्षांच्या हमीपेक्षा जवळ असलेला दुरुस्ती करणारा माणूस कित्येकदा अधिक उपयोगी पडतो. भांड्यांची बैठक प्रत्येक उत्पादकाची निराळी असल्याने एका यंत्राचे भांडे दुसऱ्यास बसत नाही. यामुळे यंत्र चांगले असूनही भांडी मिळत नाहीत म्हणून ते टाकून द्यावे लागल्याची उदाहरणे आढळतात.

मानक चिन्ह : घरगुती मिक्सरसाठी आयएस ४२५० हे भारतीय मानक आहे. पूर्वीच्या भारतीय मानक संस्थेची जागा १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने घेतली, तरी तिचे आयएसआय चिन्ह कायम आहे. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो व तो ब्यूरोच्या मोबाईल उपयोजनावर पडताळून पाहता येतो. नुसत्या चिन्हावर विसंबू नये.

विद्युत् दाब : भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, तर अमेरिका व कॅनडा येथे तो सु. १२० व्होल्ट असतो. वाटण्याची सवय असलेली मराठी कुटुंबे तेथे जाताना येथील मिक्सर बरोबर नेतात. निम्म्या दाबावर त्याची शक्ती सु. एक चतुर्थांशच उरते. दाब वाढविणारा रोहित्र जोडल्यास यंत्र चालते, परंतु हा रोहित्र यंत्राच्या वॉटपेक्षा अधिक क्षमतेचा व म्हणून जड असावा लागतो. त्यापेक्षा ११० व्होल्टसाठी बनविलेला भारतीय मिक्सर घेणे सोयीचे असते. याउलट तेथून आणलेला ब्लेंडर येथे थेट जोडल्यास त्याची वेटोळी जळतात.

वापर : भांडे द्रवासाठी दोन तृतीयांशापेक्षा व कोरड्या पदार्थासाठी निम्म्यापेक्षा अधिक भरू नये. मात्र पाते झाकले जाईल इतका पदार्थ असावा. भाजलेला मसाला पूर्ण निवल्यावरच दळावा. सुके खोबरे, गूळ, हळकुंड व सुंठ यांचे आधी लहान तुकडे करावेत. प्रारंभी क्षणभर चालू व क्षणभर बंद असे करून मोठे तुकडे फोडावेत व मग वेग वाढवावा. घट्ट वाटण कमी वेगावर बराच वेळ चालविणे यंत्राला अपायकारक असते. कारण चलित्राचा पंखा त्याच दंडावर असल्याने वेग कमी झाला की थंडावा कमी होतो व भारामुळे उष्णता मात्र वाढते. जळका वास आल्यास किंवा आवाज एकदम बदलल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. पाते अडकलेले असताना बटण चालू ठेवले, तर काही सेकंदांत वेटोळ्यांवरील निरोधक लेप जळू शकतो. शेंगदाण्याचे कूट करताना यंत्र अधिक वेळ चालविल्यास तेल सुटून त्याचा गोळा होतो. म्हणून ते थांबून थांबून करावे.

सुरक्षितता : मिक्सरचे अपघात बहुधा तीन कारणांनी होतात. पहिले कारण विजेचा धक्का. तीन दांड्यांची पिन असलेल्या यंत्रास भूसंपर्क असलेली खोबणीच द्यावी, तिसरी दांडी काढून टाकू नये. दोन दांड्यांची पिन असलेल्या यंत्रावर दुहेरी निरोधनाचे चिन्ह (एका चौकोनात दुसरा चौकोन) असल्याची खात्री करावी. ओल्या हाताने बटण दाबू नये व बैठक कधीही पाण्यात बुडवू नये. दुसरे कारण पाते. भांड्यात हात किंवा चमचा घालण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढावी. केवळ बटण बंद असणे पुरेसे नसते, कारण घरातील लहान मूल ते चालू करू शकते. तिसरे कारण गरम पदार्थ. उकळते सूप वा शिजविलेली डाळ बंद भांड्यात फिरविल्यास वाफ एकाएकी सुटून झाकण उडते व गरम द्रव तोंडावर व हातावर येतो. असे पदार्थ निववून, थोडे थोडे, झाकणावर जाड फडके दाबून फिरवावेत. अथवा पातेल्यातच हाती ब्लेंडर वापरावा. मिक्सरचा आवाज जवळून सु. ८० ते ९० डेसिबल असतो. थोड्या वेळासाठी तो अपायकारक नसला, तरी व्यवसाय म्हणून रोज तासन्‌तास वाटण करणाऱ्यांनी कानांचे संरक्षण करावे.

निगा : काम होताच भांड्यात थोडे कोमट पाणी व साबणाचा थेंब घालून क्षणभर फिरविल्यास पात्याखाली अडकलेला पदार्थ सुटतो. नंतर भांडे उपडे ठेवून पूर्ण वाळवावे. पात्याच्या दंडाजवळ ओल राहिली, तर धारवा गंजते व भांडे खालून गळू लागते. गळणारे पाणी बैठकीत उतरल्यास चलित्र बिघडते, म्हणून गळके भांडे वापरणे ही खोटी काटकसर होय. तळाचे झरोके धूळ व पीठ यांनी बुजू देऊ नयेत व यंत्र फडक्यावर ठेवून चालवू नये, कारण त्यामुळे हवेचा मार्ग बंद होतो. बैठकीत ठिणग्या अधिक दिसू लागल्यास ब्रश झिजल्याचे समजावे व ते जोडीने बदलावेत.

सामाजिक परिणाम : मिक्सरमुळे पाट्यावर अर्धा-पाऊण तास घेणारे वाटण काही मिनिटांत होऊ लागले. कंबर, गुडघे व मनगटे यांवरील ताण कमी झाला. ओट्यापाशी उभे राहून करावयाचे काम असल्याने वृद्ध व आजारी व्यक्तींना तसेच घरातील पुरुषांनाही ते करता येऊ लागले. बाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळच्या वेळात ताजे वाटण घालून स्वयंपाक करणे शक्य झाले. मसाले, चटण्या व पिठे विकणाऱ्या अनेक लहान घरगुती व्यवसायांचे हेच पहिले यंत्र असते. दुसऱ्या बाजूने पाट्याला टाकी लावणाऱ्या कारागिरांचा व्यवसाय मंदावला आणि वाटण सोपे झाल्याने ते घरात अधिक वेळा व अधिक पदार्थांसाठी अपेक्षिले जाऊ लागले. यंत्राने श्रम हलके होतात. ते कोणाच्या वाट्यास यावेत हे मात्र कुटुंबालाच ठरवावे लागते. म्हणून मिक्सरची निवड करताना जी व्यक्ती तो रोज वापरणार आहे तिची उंची, हातातील बळ, सवयी व गरज यांचा विचार किंमत आणि वॉट यांच्या आधी व्हावयास हवा.